डावखुऱ्या ढलप्या

दार लोटलं तेव्हा भुवयांवर बर्फ होता
आणि उजव्या हाताची बोटं कुणा दुसऱ्याची.
बाहेर उणे एक्कावन्न. कुत्री आधी आत शिरली,
कोपरा हुंगून तिनं शेपटी हलवली,
ओळखीच्या वासाला हलवते तशी.

चुलीत लाकडं रचून ठेवलेली.
मधे भूर्जाची साल, वर लार्चच्या ढलप्या,
काडेपेटी अर्धी उघडी, तीन काड्यांची डोकी बाहेर,
बधिर बोटांना, नाहीतर दातांना, धरता यावीत म्हणून.
झोपडी सोडताना आमच्याकडे हे करतातच.
पुढे कोण येईल ते विचारायचं नसतं.

ढलप्या डावीकडे वळलेल्या होत्या.

या अख्ख्या तैगात डावखुरा एकच,
प्रोकोपी, माझा भाऊ,
ज्याच्याशी अकरा वर्षं मी बोललो नाही
हुलुमी ओढ्यापलीकडच्या सहा सापळ्यांवरून.
तो म्हणे, हद्द ओढा. मी म्हणे, पलीकडचा कडा.
सेबल रात्रभर दोन्हीकडे हिंडायचं,
सकाळी आम्ही आपापली पावलं मोजायचो.
आणि डिसेंबरात ओढा गोठला की
दोघांच्याही घसरगाड्या त्याच्यावरूनच जायच्या,
दुसरी वाट नव्हती.
ताजी खूण दिसली की मी थांबून राही
तो वळणाआड जाईपर्यंत.

ऑक्टोबरात गेला. गावात, दवाखान्यात, छताकडे बघत.
निरोप आला तेव्हा नदीत बर्फ वाहत होता, होडी निघेना.
म्हणजे हे लाकूड त्यानं ऑगस्टात फोडलं असणार,
डास चावत असताना, खोकत,
यंदाचा हिवाळा आपला नाही हे बहुधा ठाऊक असताना.
माझ्यासाठी?
नाही, उगाच तसं म्हणणार नाही मी.
जो येईल त्याच्यासाठी.

काडी दातांत धरली, पेटी तिच्यावर ओढली.
साल काळा धूर सोडत पेटली.
पावाचा पहिला तुकडा आगीला, आई द्यायची तसा,
दुसरा कुत्रीला.
आग तडतडली. आमच्यात त्याला बोलणं म्हणतात.
आईला ते कळायचं.
मला एवढंच कळलं की एका लाकडात गाठ होती.

तिसऱ्या दिवशी वारा पडला.
लाकडं फोडली, ढलप्या काढायला बसलो,
सुरी डाव्या हातात घेऊन पाहिली.
अंगठा कापला. ढलप्या जाड निघाल्या, ओबडधोबड.
चालतील.
पेटीत माझ्याकडच्या चार काड्या घातल्या
आणि दाराला बाहेरून खुंटी लावली.
अस्वलाला ती काढता येत नाही.
माणसाला येते.