उणे पंचेचाळीस

लॅमिंग्टन रोडवर खोजेमाभाईंच्या दुकानाला पोटमाळा आहे.
शिडीची तिसरी पायरी करकरते,
वर भिंतींना अंड्यांच्या ट्रेसारखा काळा स्पंज.
“पिक्चर की गाणं?” त्यांनी विचारलं,
चहात खारी बुडवता बुडवता.
अवधूत म्हणाला, पिक्चर.
मी म्हणाले, गाणं.
वीस वर्षांत इतकं एकदम आम्ही
एकदाच बोललो होतो, लिफ्ट अडकली तेव्हा.

“खोली केवढी?”
दहा बाय चौदा. त्यात दिवाण, शोकेस,
मामंजींची आरामखुर्ची, खिडकीत माझं शिलाई मशीन.
“सामान नाही विचारलं, बेन.”
सामान वजा केलं तर खोली उरतेच कुठे, भाई.

आधी हेलिकॉप्टर ऐकवलं.
डाव्या खांद्यावरून आलं, मानेमागून गेलं.
अवधूतने वळून पाहिलं,
मग मी पाहिलं का ते पाहिलं.

मग एक बटण. पाचातले तीन भोंगे गप्प.
नुसता तानपुरा,
चारी तारा आपापल्या जागी बसलेल्या,
आणि गाणारीने सा लावण्याआधी
घेतलेला श्वास.
“हे ह्याच डब्यातून?”
“ह्याच. बाकीचे नखरे बंद केले की.”

सात चॅनलचे होते, नऊचे होते,
छतावरून पाऊस पाडणारे होते.
“आकडे मोजू नका, उचलून बघा,” खोजेमाभाई म्हणाले,
“ज्याचं पोट भरलेलं, तो जड लागतो.”
सबवूफरवर वाद झाला नाही.
खाली परेराबाई राहतात,
रात्रपाळी करून दिवसा झोपतात.

टॅक्सीत मुलुंडपर्यंत
अकरा किलो माझ्या मांडीवर.

घरी डब्यातून एक माइक निघाला, पेढ्याएवढा.
पडद्यावर सूचना:
मुख्य श्रोत्याच्या कानाच्या उंचीवर ठेवा.
पंखा बंद करा. शांत राहा.

मुख्य श्रोता.
अवधूतने दिवाणाकडे पाहिलं. मी मशीनकडे.
मामंजींनी कुठेच पाहिलं नाही.
डावा कान गेलेला, आणि चष्मा आतल्या खोलीत.

पंखा बंद, फ्रीज बंद, मे महिना.
एकेका भोंग्यातून टुईं, टुईं.
भिंतीला विचारायचं, थांबायचं,
शोकेसच्या काचेला विचारायचं, थांबायचं.
बोलायला म्हणून आणलेलं यंत्र
आधी ऐकत बसलेलं,
आणि आम्ही तिघं घामाने थबथबून
श्वाससुद्धा बेतानं घेणारे.
शेजारचा कुकर चौथ्या शिट्टीवर आला तेव्हा
मामंजी म्हणाले, “कोण रे ते वाजवतंय?”
पुन्हा पहिल्यापासून.

तिसऱ्या खेपेला अवधूत उठला.
माइक आरामखुर्चीच्या पाठीला टेकवला,
उजव्या बाजूने,
आणि मधला भोंगा तीन घरं वर चढवला.
“त्यांना पिक्चरमधलं बोलणं कळत नाही,” म्हणाला,
“हसायचं कधी ते आपल्याकडे बघून ठरवतात.”
हे पोटमाळ्यावर बोलला नव्हता.
मीही काही म्हटलं नाही.
सूचनाच तशी होती.

ह्या डब्याचा आवाज उण्यात मोजतात.
शून्य म्हणजे कानठळ्या,
त्याच्या खाली सगळं राहणीमान.
पिक्चरला उणे तीस. बातम्यांना उणे अडतीस,
मामंजी रिमोट घेऊन असतील तर उणे वीस,
मग परेराबाईंचा झाडू खालून छताला.
उणीदुणी आमच्याकडे आधीही होती,
आकडा दिसत नव्हता इतकंच.

अकरानंतर ते दोघं झोपतात.
मी बाकीचे नखरे बंद करते,
उणे पंचेचाळीसवर तानपुरा,
हातात कुणाच्या तरी ब्लाउजची बाही.
सा ऐकू येतो. त्याच्या आधीचा श्वास
इतक्या खाली येत नाही.
तो कुठे आहे ते मला ठाऊक आहे.
तेवढ्यापुरती सुई थांबवते.