दीड वीत

स्मोकी हिल्सच्या माथ्यावर ऑगर फिरवतो मी.
पहिली वीत बिनबोभाट.
मग चार बोटं वाळूची कुरकुर.
मग टक्.
हात कोपरापर्यंत झिणझिणतो.
खाली सँडस्टोन.
सकाळपासूनचा हा नववा टक्.

मागे इडेला होमक्विस्ट उभी,
वय ब्याऐंशी, पायांत मेलेल्या नवऱ्याचे बूट.
"लागला?" ती विचारते,
विहीर खणणाऱ्याला पाण्याचं विचारावं तसं.
"लागला."
"किती?"
"चौदा इंच."
"माझ्या आज्यानं हे कळायला तीन नांगर मोडले," ती म्हणते,
"तुम्हाला पगार मिळतो."

तळहातावर माती घेतो, पाणी शिंपडतो,
अंगठ्यानं दाबत फीत ओढतो.
नखाएवढी निघते आणि तुटते.
रंगांच्या वहीतल्या भोकाला भिडवून बघतो:
ओली असताना कॉफीच्या चोथ्यासारखी,
वाळली की जुन्या ताडपत्रीसारखी.
आम्लाचा थेंब सोडतो. फसफसत नाही.
पश्चिमेला चुनखडीच्या पट्ट्यात
माती लगेच फेसाळून बोलायला लागते.
ही थेंब पिऊन गप्प.
फॉर्मवर रकाना आहे: प्रतिक्रिया.
मी लिहितो: नाही.

एवढी पातळ, तरी एवढी काळी,
ती गवतामुळे.
ब्लूस्टेमची मुळं दर हिवाळ्यात थोडी मरतात
आणि जिथल्या तिथे कुजतात.
उतार त्यातलं काही पावसाबरोबर खाली धाडतो,
काही वारा नेतो, न विचारता.
दीड वीत म्हणजे हजारो वर्षांची जमा,
वजा खर्च.

मुळं मात्र टक् ऐकून थांबत नाहीत.
रस्त्यासाठी टेकडी कापली तिथे पाहिलंय मी:
तीन फूट खाली, खडकाच्या भेगेत,
केसाएवढं मूळ,
वहीत ठेवलेल्या पानासारखं चपटं,
आणि ओलं.
अहवालात त्याला अर्धी ओळ मिळते:
भेगांत तुरळक मुळं.

"तिकडे नका खणू," इडेला म्हणते.
कुंपणाजवळ तांबड्या दगडांचा ढीग, गुडघ्याएवढा.
"एल्फ्रिडा. आज्याची पहिली मुलगी.
अकरा महिन्यांची होती, फेब्रुवारीत गेली.
खाली ओढ्याकाठी माती माणूसभर खोल आहे,
पण आजीला ती खिडकीतून दिसायला हवी होती.
आज्यानं कुदळ मारली, मग पहार, मग छिन्नी.
शेवटी जेवढं खणलं तेवढ्यात ठेवली
आणि बाकीची खोली वर रचली."

मी त्या ढिगाकडे बघतो.
मूठमाती द्यायला मुठी होत्या,
माती पुरली नाही.

फॉर्मवर शेवटचे दोन रकाने.
नांगरटीस: अयोग्य.
चराईस: बरी, जपून.
"वाचा मोठ्यानं," ती म्हणते. मी वाचतो.
"बरी," ती म्हणते, आणि हसते,
आणि पुढे काही बोलत नाही बराच वेळ.
तारेवर मेडोलार्क ओरडतो,
त्याची छाती पिवळीधमक,
या सगळ्याशी संबंध नसल्यासारखी.

खड्डा बुजवायला घेतो.
मोकळी झालेली माती
निघाली त्या जागेत कधीच पुरती मावत नाही,
ओंजळभर उरतेच.
लाथेनं पसरणार, एवढ्यात
इडेला डोक्यावरची टोपी काढून पुढे धरते.
"त्यात टाका."

टोपी सांभाळत ती ढिगाकडे जाते,
गुडघे नको म्हणत असताना खाली बसते,
दगडांच्या फटींत चिमटीचिमटीनं माती सोडते.
फटींत आधीच गवत आहे, वीतभर उंच.
"गोफर उकरतात ना बांधाला," ती मागे न बघता सांगते,
"तीही आणते कधी कधी."

मी ऑगर पुसतो.
पुढचा झेंडा दोनशे पावलांवर,
उताराला थोडा खाली.
तिथे बहुधा सोळा.