एक आरा खरा

मंगळवारी आणि गुरुवारी, दहा ते दोन,
माझ्या स्वेटरवर बिल्ला असतो : आर्डिथ थोरूप, स्वयंसेवक.
एकतीस वर्षं शाळेची बस चालवली मी या खोऱ्यात,
त्यामुळे आरशात न बघताही कळतं
मागच्या रांगेत कोण कशाला हात लावतंय.

चर्चचं संग्रहालय म्हणजे तीन खोल्या आणि एक जिना.
खाली ऊब, वर काकडा.
युटाच्या हायवेवर आमची एक पाटी आहे,
तिच्यावरचा मनोरा उन्हाने निम्मा पुसलाय,
तरी माणसं येतात, चुकून का होईना.
बहुतेकांना आधी स्वच्छतागृह हवं असतं.
मी ते दाखवते. मग इतिहास.

पहिल्या खोलीत डॅनिश भजनांची पुस्तकं, मुंगीएवढी अक्षरं.
टवका उडालेला पेला.
एका बाळाचा बूट. एकच.
दुसरा कुठाय, रोज कुणीतरी विचारतंच.
आम्हाला शिकवलंय, "माहीत नाही" हेही उत्तर आहे,
फक्त ते हसत द्यायचं नाही.

दुसऱ्या खोलीत हातगाडी.
बैल घ्यायला पैसे नव्हते, मी सांगते,
म्हणून माणसंच बैल झाली.
पीठ, पांघरुणं, चालवेना अशी पोरं, सगळं हिच्यात.
इथे मी थांबते. मनात सात मोजते.
मग सांगते : ही गाडी मात्र नवी.
दांडा नवा, तुंबा नवा,
धाव इथल्याच लोहाराने ठोकलेली, मी जन्मले त्या साली.
फक्त एक आरा खरा.

कुठला?
तेच तर.
रंगाऱ्याने सगळ्यांना एकाच डब्यातला रंग फासला,
खूण करायची राहिली,
पुढे तोही वारला.

माझा नवरा व्हर्ल माझ्याआधी इथे उभा राहायचा.
म्हणायचा, हे सांगू नकोस गं, उगाच हिरमोड होतो.
मी सांगते.
पुढे रस्ता बंद असेल
तर मुलांना वळणाआधीच सांगावं, एवढं बसने शिकवलंय.
पण दोन वाजता, एकेक दिवा मालवताना,
डाव्या चाकाचा वरून चौथा आरा,
त्याच्याकडे बघून मान हलवते आणि निघते.
माझ्यापुरता तोच.

फेब्रुवारीत, बर्फाच्या दिवशी,
सॉल्ट लेकहून एक टोंगन बाप आला, सिओसाइआ,
आणि त्याची अकरा वर्षांची मेलेआने, जन्मापासून न दिसणारी.
"हात लावू नये" ही पाटी तिला वाचता येत नव्हती.
मला येत होती.
मी दोरी बाजूला केली.

तिने घाई केली नाही.
एकेका आऱ्यावरून बोट नेलं, वरून खाली,
डॉक्टर बरगड्या मोजतो तसं.
चौथ्यावरून ती सरळ पुढे गेली.
मला, काय सांगू, जरा लागलंच.
मग उजवं चाक. भिंतीकडची खालची बाजू,
जिथे मी पुसायलाही वाकत नाही.
तिथे थांबली. नाक लावून वास घेतला.
बापाच्या कानात काही म्हणाली.
"हा दमलाय, म्हणते," बाप ओशाळून बोलला.
"आणि इथे एक खिळा ढिला आहे, तेही सांग म्हणते."

ती दोघं गेल्यावर मी गुडघ्यांची मनधरणी करून खाली बसले.
त्याच जागी हात ठेवला.
रंग लागला हाताला. गार, गुळगुळीत रंग.
बाकी काही नाही.
खिळा मात्र खरंच हलत होता.

त्या गुरुवारी दिवे मालवताना
मान कुठे हलवावी ते सुचेना.
चौथ्याकडे बघवेना,
आणि भिंतीकडचा उभ्याने दिसत नाही.
कुणालाच काही न म्हणता निघाले,
गाडीची काच खरवडली, इंजिन तापू दिलं,
आणि इंजिन तसंच चालू ठेवून परत आत आले,
डिकीतली व्हर्लची हातोडी घेऊन.