काढता पाय

वाल्पाराईसोच्या उतारावर, जिथे गल्ली संपून
नुसत्या पायऱ्याच उरतात, तिथलं आमचं बुटांचं दुकान.
मी नवा. कंपनीचं तीन दिवसांचं शिक्षण घेऊन आलेला :
नजरेला नजर द्या, हाताची घडी नको,
गिऱ्हाईक झुकेल तसं थोडं झुका.
मी हसायचो. जबडा दुखेपर्यंत हसायचो.
माणसं ‘छान’ म्हणायची आणि उताराला लागायची.

एवारिस्तो वर बघतच नसे.
एकसष्टाव्या वर्षी गुडघे कडकड वाजवत खाली बसायचा,
भट्टीतून आत्ताच काढलेला पाव धरावा
तशी टाच तळहातावर घ्यायचा,
बुटाच्या टोकावर अंगठा ठेवून
किंमत सांगायचा. हळू.
मग थांबायचा.

“चेहऱ्याला लहानपणापासून वळण लावलेलं असतं,”
मापाची पट्टी पुसत तो एकदा म्हणाला,
“पायाच्या बोटांना कोण शिकवतं?
काढता पाय आधी बुटाच्या आत निघतो,
दाराकडे नंतर.”
आकडा ऐकून चामड्याखाली बोटं आखडली
की तो दुसरा खोका उघडायचा, न विचारता,
जणू हाच आधी दाखवायचा राहिला होता.

जुलैच्या थंडीत सेन्योरा बारिएन्तोस आल्या.
लाल बूट, उंच टाच.
मान ताठ, हसू रुंद, पर्ससुद्धा उघडलेली.
“हेच द्या.”
मी मनात कमिशन मोजून मोकळा झालो.

एवारिस्तोचा अंगठा तिथेच होता.
बराच वेळ तिथेच.
मग त्याने बूट काढला, मोज्याची सुरकुती सरळ केली,
घोट्यावरची सूज दिसलीच नाही असं दाखवलं,
आणि त्यांचेच जुने बूट, नव्या नाड्या ओवून,
परत त्यांच्या पायात घातले.
बाई रडल्या का, ठाऊक नाही.
मी पाठमोरा खोके रचत होतो. माझी पाठही
तेव्हा काहीतरी बोललीच असणार.

पैसे नाड्यांचे तेवढे घेतले.

सप्टेंबरात त्या पुन्हा आल्या, भाच्याला घेऊन.
बँकेत लागला होता, पहिलेच काळे बूट.
एवारिस्तो जेवायला गेलेला.
त्यांनी हनुवटीनेच मला खाली बसायला सांगितलं.

मी बसलो. माझे गुडघे अजून वाजत नाहीत.
अंगठा ठेवला. आकडा सांगितला.
चामड्याखाली काहीतरी हललं,
हो की नाही, कळेना.
वर बघावंसं फार वाटलं.

नाही बघितलं.