घट

चिंचोळीच्या एमआयडीसीत, पाण्याच्या टाकीशेजारी,
माझा काटा. साठ टनी.
खाली खड्डा, वर लोखंडी पाट,
खिडकीत मी, पंखा, पावतीपुस्तक.
चौदा वर्षं झाली. गाडी पाटावर चढली
की नुसत्या आवाजावरून सांगते, भरलेली की रिकामी.

मेच्या अकरा तारखेला, भर दुपारी,
हसन तांडेलची गाडी आली. किनाऱ्यावरून.
ताडपत्री सोडली तर आत काळी रेती,
तव्याच्या बुडासारखी काळी,
आणि ओली.
सोलापुरात मे महिन्यात ओलं काही दिसलं
की माणसं उगाच जवळ येतात.
हमाल आले. इरण्णा वॉचमननं कोपरापर्यंत हात खुपसला.
"थंड हाय की बे," म्हणाला, आणि काढेचना.

तिकडची पावती : सोळा हजार दोनशे चाळीस किलो.
माझा काटा : पंधरा हजार आठशे सत्तर.
तीनशे सत्तर किलो कुठं गेले?
हसननं गळ्याला हात लावला.
शप्पथ ताई, घाटात चहाला थांबलो तेवढाच.
फळक्यांखाली पांढरे ओघळ वाळले होते.
मी बोट लावलं, जिभेवर टेकवलं.
पावतीवर एक रकाना असतो : घटीचे कारण.
त्यात लिहिलं : समुद्र.

जाताना हसन म्हणाला,
जिथनं ही उचलली
तिथं भरतीचं पाणी आता सुरूच्या मुळांपर्यंत येतं.
त्याचं वजन होतं का तुमच्याकडं?
माझा काटा आलेलंच मोजतो.
मी म्हटलं, गाडी पुढं घ्या, मागं ऊस हाय.

मग रेती आवारात पसरली, गच्चीवर कुरडया घालाव्यात तशी.
दोन दिवसांत सुकली, उडायला लागली,
माझ्या डब्यातल्या भाकरीवरही बसली.
चुंबकाच्या ड्रमवरून सोडली तेव्हा
लोखंड ड्रमला बिलगून पलीकडं उतरलं,
अलीकडं राहिला शिंपल्यांचा चुरा
आणि खेकड्याची एक नांगी.
ती मल्लय्या दुडमनं उचलून
साच्यांच्या फळीवर ठेवली.
त्यानं समुद्र बघितलेला नाही. मीही नाही.

काळ्या भुकटीत कोळशाची पूड घातली,
साखर कारखान्याची मळी ओतली,
आणि बाया लाडू वळायला बसल्या.
लाडूच म्हणायचे सगळे.
हात कोपरापर्यंत काळे, भोवती माश्या,
आणि नागम्माची नात, दोन वर्षांची,
एक चाटून बघून रडलेली.

पहिल्या दिवशी भट्टी गुदमरली.
मळ पिठल्यासारखा घट्ट, तोंडातून उतरेना.
रज्जाकभाई सळईनं ढोसत शिव्या देत होता,
शेठला, समुद्राला, आणि टायटॅनियम नावाच्या कुणाला,
ज्याची त्याची कधी गाठ पडली नव्हती.
चुनखडी वाढवली. पुन्हा वाढवली.
तिसऱ्या रात्री, पहाटे चारला, धार लागली.
बारीक. शेळीच्या दुधाएवढी.

मल्लय्यानं माझ्यासाठी एक साचा मोकळा ठेवला होता :
वीस किलोचं वजन, वर कडी.
गार झाल्यावर तोललं. एकोणीस सातशे.
त्यानं कान लावला, नखानं वाजवलं.
"आत पोकळी ऱ्हायली, अक्का."
वजनमापवाले याच्यावर शिक्का मारायचे नाहीत.
दार वाऱ्यानं आपटतं, तिथं लावून ठेवलंय.

शेठनी हिशेब केला. परवडत नाही, म्हणाले.
उरलेली रेती भिंतीकडेला ढकलली,
पावती मागवली,
लाल पेनानं माझा शब्द खोडला.
वर लिहिलं : गळती.
भाड्यातून अकराशे कापणे.

खोडलं ते वरच्या कागदावर.
पिवळी कार्बन प्रत माझ्या ड्रॉवरमध्ये आहे,
निळी अक्षरं, जरा पुसट.
हसनचा अधूनमधून फोन येतो.
पैसे मिळायचे नाहीत, त्यालाही ठाऊक आहे.
तरी विचारतो, ताई, तो कागद हाय का अजून?
मी ड्रॉवर उघडून बघते, दर वेळी.
हाय, म्हणते.
टाचणीला चार काळे कण चिकटलेत,
फुंकलं तरी जात नाहीत.