पाचर

वुल्व्हरहॅम्प्टनचं हॉस्पिटल, खोली नऊ.
डॉक्टर प्रिचर्ड पडद्यावर बोट ठेवून
एकच शब्द बोलतात. तो मी मराठीत द्यायचा
भिकाजी मेस्त्रींना. वय एकोणऐंशी,
लेकीकडे आलेले, गाऊनवर मफलर.

अडचण म्हणू? ती पैशांची असते, नाहीतर जागेची.
व्यत्यय येतो सभेत.
विघ्न म्हटलं तर लगेच हात जोडतील.
मोडता घालायला माणूस लागतो, बहुधा नात्यातला.
"अडथळा," मी म्हणते,
रस्त्यावरच्या पाटीसारखं कोरडं.

मेस्त्री बघत राहतात ती नळी,
मध्येच पुसट झालेली.
"म्हणजे पाचर बसलीय."
हो.
"मारली कोणी?"
कारण विचारताहेत, मी डॉक्टरांना सांगते.
विड्या, वय, साखर. उत्तर लांबत जातं.
त्यांचं लक्ष नाही. अंगठा तर्जनीवर घासत,
"पाचर वाईट नसते गो.
कुऱ्हाडीचा दांडा तिच्याच जिवावर.
ही भलत्या भेगेत गेली, इतकंच.
ठोकून काढणार की फोडून?"

काढणार नाहीत. कडेला दाबून
आत बारीक जाळी बसवतील,
वाट उघडी राहावी म्हणून.

"म्हणजे आणखी एक पाचर."
आणि सहीला पेन मागतात.

हे मी इंग्रजीत सांगितलं नाही.

फॉर्मच्या तळाशी माझ्यासाठी चौकट:
भाषेचा अडसर होता का? हो, नाही.
अडसर तर दाराला आतून घालायचे,
घरातली निजली की.
डॉक्टर घड्याळ बघतात.
पेन अजून मेस्त्रींकडेच आहे.