काल दुखतोय

शाळेतून आली तशी उंबऱ्यातच बसली हारिका.
म्हणाली, बाबा, काल दुखतोय.

मी दप्तर काढून घेतलं.
काल काय झालं? कोण बोललं का? बाई रागावल्या?
कालचं आज कशाला उगाळायचं, बाळा,
असं काहीबाही, चांगल्या बापासारखं.
ती बघत राहिली माझ्याकडे,
बहिऱ्याकडे बघतात तसं.

आतून पद्मजा आली, हात ज्वारीच्या पिठाचे.
कोपरानेच मला बाजूला सारलं,
मोजा ओढला. टाचेला फोड, बोराएवढा.
कालु म्हणजे पाय, म्हणाली.
आठ वर्षं झाली होती लग्नाला.

मी मोहोळकडचा. आमच्या घरात एकच भाषा,
आणि तीही जेवताना बंद.
इथे विडी घरकुलात पाणी येतं
चौथ्या दिवशी, कधी पाचव्या, बहुधा रात्री दोनला,
आणि गल्ली एकदम उठते.
पाणी आलं!
नीळ्ळु अच्चिनय!
कोपऱ्यावरून महानंदा म्हेत्रे, नीरु बंतु!
त्या घागरींच्या दणदणाटात, अकरा महिन्यांची,
माझ्या कडेवरून ती पहिला शब्द बोलली.
कुठला, यावर अजून वाद आहे.
मी पाणी ऐकलं. तिचा मामा शपथेवर नीळ्ळु सांगतो.
महानंदाबाई हसून म्हणतात, भांडा तुम्ही,
पोरगी नीरुच म्हणाली.

ताईचा फोन येतो दर रविवारी.
पोर गोंधळेल रे. एकच काय ते धरा.
ते यंडुगुंडू कशाला तिच्या डोक्यात?
फोन स्पीकरवर होता.
पद्मजा कांदा चिरत होती, चिरत राहिली.
मी आवाज कमी केला.
एवढंच केलं मी.

सासऱ्यांना हारिका तात म्हणते.
माझ्या शाळेच्या पुस्तकात तात म्हणजे बाप.
भिंतीपलीकडे गेलं की
माणूस एका पिढीने म्हातारा होतो.

आणि एक गोष्ट मला फार उशिरा कळली.
त्यांच्यातही आम्ही वेगळं, आपण वेगळं.
मेमु, तुला सोडून. मनं, तुला धरून.
हिंदीत जाऊन बघा, दोघांना मिळून एकच हम.
कळलं, आणि मग ऐकू यायला लागलं.
तात मागावरच्या दिवसांचं सांगतात,
चादरीचं, रात्रपाळीचं, मेमु, मेमु, मेमु,
आणि मी त्या शब्दाच्या पायरीवर
चहा पीत बसलेलो इतकी वर्षं.

तक्रार नाही.
आमच्यात असं करत नाहीत,
हे मी पद्मजेला किती वेळा ऐकवलंय
ते तिने मोजलं असेल.

हल्ली ती माझ्याशी मुद्दाम तेलुगूत बोलते, सावकाश,
एकेक शब्द ताटात वाढावा तसा.
जानेवारीत गड्डा भरला.
माझी व्हॉल्व्हवर ड्यूटी, नेहमीसारखी.
दारात उभी राहून म्हणाली, मेमु पोतं.
मला पूर्ण कळलं. मान हलवली. खूषही झालो,
वाक्य कळल्याबद्दल.

हारिका बुटाची नाडी बांधत होती.
मान वर न करता म्हणाली,
मेमु काद, अम्मा. मनं.

बराच वेळ कुणी काही बोललं नाही.
मग मी गायकवाडला फोन लावला,
आजची चावी तू फिरव म्हणालो,
उद्या दोन पाळ्या करतो.

पाळण्यात पद्मजा ओरडली ती कुठल्याच भाषेत नाही.

येताना पोर खांद्यावर,
टाचा माझ्या छातीवर ठकठक.
काल दुखत नाही ना आता, मी विचारलं.

तिने जरा विचार केला.
कुठला, म्हणाली.